सणासुदीत एचआरला फॉलोअप कधी, कसा आणि किती वेळा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्यात छोटी रिक्रूटमेंट कन्सल्टन्सी चालवते. दोन टेबलं, एक प्रिंटर, खाली वडापावची गाडी. आमच्याकडच्या बहुतेक पोझिशन्स नवी मुंबईच्या ऐरोली, घणसोली, महापे पट्ट्यातल्या, थोड्या वागळे इस्टेटच्या, थोड्या बेलापूरच्या. श्रावण संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर दरवर्षी तेच ते सुरू होतं, "ताई, कळवतो म्हणाले होते, अजून काहीच नाही", आणि हे थेट जानेवारीपर्यंत चालतं. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एकदाच इथे लिहून काढलंय. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर नंबर दिलाय, तिथे बघा.

१. इंटरव्ह्यू होऊन आठवडा झाला आणि मध्येच गणपती आले. आता मेल करू की थांबू?

तुम्हाला त्यांनी तारीख दिली होती का, ते आधी आठवा. "शुक्रवारपर्यंत कळवतो" असं म्हणाले असतील तर शुक्रवारनंतर दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि मग मेल करा. काहीच म्हणाले नसतील तर पाच-सहा कामाचे दिवस, सुट्ट्या सोडून (मोजायचं कसं ते प्रश्न २ मध्ये).

गणपतीत ऑफिस बंद नसतं, माणसं नसतात. सिलेक्शन म्हणजे एकट्या एचआरचा निर्णय नसतो, ज्याच्या टीममध्ये तुम्ही जाणार तो मॅनेजर हो म्हणणार, मग पगाराचा आकडा फायनान्सकडे जाणार, मग वरच्या साहेबांचं ॲप्रूव्हल, आणि या चौघांतला एक जरी सावंतवाडीला जाऊन बसला असेल जिथे रेंजसाठी विहिरीजवळ उभं राहावं लागतं, तर फाइल तिथेच थांबते. एचआरला हे माहीत असतं, पण "साहेब गावाला गेलेत" असं कॅंडिडेटला सांगता येत नाही, म्हणून ती गप्प बसते. तुम्हाला वाटतं नाकारलं.

२. कामाचे दिवस मोजायचे कसे? यंदाच्या तारखा सांगाल का?

यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला होता त्यामुळे सगळे सण पुढे सरकलेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबर. मग पितृपक्ष १० ऑक्टोबरपर्यंत, ११ ला घटस्थापना, २० ऑक्टोबरला दसरा. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी, पाडवा १० ला, भाऊबीज ११ ला.

कागदावर दिवाळीची सुट्टी दोन-तीन दिवसांची दिसते पण ६ तारखेला धनत्रयोदशी, तीही शुक्रवारी, म्हणजे त्या दिवशी दुपारनंतर कोण काम करतंय! भाऊबीज बुधवारी, त्यामुळे बरेच जण गुरुवार-शुक्रवार रजा टाकून सलग नऊ-दहा दिवस काढणार. म्हणून माझा हिशोब असा आहे की दिवाळीआधीचा शेवटचा फॉलोअप मंगळवार ३ किंवा बुधवार ४ नोव्हेंबरला आणि नंतरचा मंगळवार १७ ला. सोमवार १६ ला नको, का ते प्रश्न ३ मध्ये सांगते.

आणि सगळ्या कंपन्यांना सारख्याच सुट्ट्या असतात असं धरून चालू नका. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत, त्यातल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, बाकी चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. म्हणून एका कंपनीला भाऊबीजेची सुट्टी असते आणि तिच्याच वरच्या मजल्यावरच्या कंपनीला नसते. इंटरव्ह्यू संपताना "तुमच्याकडे दिवाळीत ऑफिस कधी बंद असेल?" असं सरळ विचारा, यात वावगं काही नाही, उलट पुढचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

३. सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी सकाळी मेल टाकला तर सगळ्यात वर राहील ना?

नाही राहत. माझ्याच टेबलावरचं सांगते. दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, कोणीतरी आणलेला चिवड्याचा डबा कीबोर्डशेजारी उघडा, बोटांना तेल, आणि इनबॉक्समध्ये साडेतीनशे न वाचलेले मेल. त्यातले निम्मे सेलचे आणि शुभेच्छांचे. मी एकेक वाचत नाही, कोणीच वाचत नाही. आधी क्लायंटची नावं शोधते, ते निपटवते, मग पोस्टचं नाव टाकून सर्च करते. त्या सर्चमध्ये ज्याच्या सब्जेक्टमध्ये पोस्ट आणि स्वतःचं नाव आहे तो मेल वर येतो. ज्याने सब्जेक्टमध्ये नुसतं "फॉलोअप" किंवा "रिगार्डिंग इंटरव्ह्यू" लिहिलंय तो कुठे बुडतो ते मलाही कळत नाही.

म्हणून पहिला दिवस त्यांना आवरू द्या. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ बरी, चहा झालेला असतो आणि जेवणाची घाई नसते. नवीन मेल न काढता इंटरव्ह्यूचं जे बोलावणं आलं होतं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे तुमचा सगळा इतिहास खाली दिसतो आणि समोरच्याला "हा कोण बुवा" असं शोधावं लागत नाही.

४. मेलमध्ये नेमकं लिहायचं काय? "एनी अपडेट?" एवढंच लिहिलं तर चालेल?

"एनी अपडेट" ला उत्तर द्यायचं म्हणजे समोरच्याला उठून चौकशी करावी लागते, म्हणून तो ते नंतर करू म्हणतो आणि तो नंतर कधीच येत नाही. तुम्ही असं लिहा की त्याला एका ओळीत उत्तर देता आलं पाहिजे, किंवा निदान तुमच्याबद्दल एखादी कामाची गोष्ट कळली पाहिजे. मेल इंग्रजीत लिहीत असाल तरी मजकूर असा ठेवा:

"नमस्कार मॅडम, २८ ऑक्टोबरला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पोस्टसाठी माझा दुसरा राउंड झाला. दिवाळीआधी काही ठरणार असेल तर कृपया कळवा, नाहीतर १७ तारखेला मी एकदा पुन्हा विचारेन. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे, राजीनामा अजून दिलेला नाही. सुट्टीत मी इथेच आहे, फोन चालू असेल."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस. यात तुम्ही स्वतःच तारीख सांगितलीत त्यामुळे १७ ला मेल गेला तर तो तगादा वाटत नाही, सांगून आलेल्या पाहुण्यासारखा वाटतो. नोटीस पिरियडची ओळ मात्र नक्की टाका, ती एचआरला खरोखर लागते, जॉइनिंग डिसेंबरात धरायचं की जानेवारीत याचा हिशोब त्यावर असतो. घरची अडचण, ईएमआय, वडिलांचं ऑपरेशन हे लिहू नका. मला वाचून वाईट वाटतं पण त्याने शॉर्टलिस्ट बदलत नाही.

५. मेल करू, व्हॉट्सॲप करू की सरळ फोन लावू?

त्यांनी तुमच्याशी जिथे बोलणं सुरू केलं तिथेच करा. इंटरव्ह्यूचं लोकेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर व्हॉट्सॲप चालतं, फक्त "हाय मॅम" लिहून उत्तराची वाट बघत बसू नका, सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं तर त्याचा अर्थ काढू नका, लोक ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून मेसेज उघडतात आणि मग विसरतात.

फोन शेवटी. आणि सणाच्या दिवशी तर नकोच नको. मी स्वतः नोकरी शोधत होते तेव्हा धनत्रयोदशीला संध्याकाळी सात वाजता एका एचआर मॅडमना फोन लावला होता, कारण म्हटलं आज खूश असतील. त्या सोनाराच्या दुकानात रांगेत होत्या, मागे लहान मूल रडत होतं, आणि त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी आत्ता बिलिंगला उभी आहे, तुमचं नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितलं. ती नोकरी मला मिळाली नाही, आणि नाव मात्र त्यांच्या चांगलंच लक्षात राहिलं असणार.

फोन करायचाच असेल तर आधी मेसेज, "आज अकरा ते बारामध्ये दोन मिनिटं बोलता येईल का?", आणि फोन शांत ठिकाणाहून. ठाणे स्टेशनच्या १० ए प्लॅटफॉर्मवरून कोणी बोललं की मला अर्धं त्याचं आणि अर्धं अनाउन्समेंटचं ऐकू येतं.

६. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या तर? इमेज पाठवू का?

शुभेच्छा पाठवा, इमेज नको. ती पणत्यांची चमचमणारी जीआयएफ, खाली तुमचं नाव आणि "सहकुटुंब सहपरिवार", अशा दीडशे येतात आणि फोन हँग होतो. दोन ओळी स्वतः टाइप केलेल्या असल्या तर छान वाटतं.

एकच पथ्य पाळा, शुभेच्छांच्या शेपटीला नोकरीचं बांधू नका. "शुभ दीपावली मॅडम, माझ्या सिलेक्शनचं काय झालं" हे वाचलं की शुभेच्छाही खोट्या वाटतात. नोकरीचं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मेसेजमध्ये. आणि मिठाईचा बॉक्स घेऊन रिसेप्शनवर जाऊ नका, हे लोक खरंच करतात, बऱ्याच कंपन्यांत गिफ्ट घेण्यावर बंदी असते, त्या बिचारीला तो बॉक्स सिक्युरिटीकडे जमा करावा लागतो.

७. एकूण किती वेळा फॉलोअप करायचा? कुठे थांबायचं?

इंटरव्ह्यू झाला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी, तो फॉलोअप धरत नाही. मग एक मेल, सात-आठ कामाच्या दिवसांनी दुसरा, आणि सण संपल्यावर एक शेवटचा. तिन्हीला उत्तर नाही आलं तर सोडून द्या. शेवटच्या मेलमध्ये रागाचं काही लिहू नका, "इतका वेळ घेऊन साधं कळवतही नाही" वगैरे, मनात काहीही असू दे. हे लोक दोन वर्षांत कंपनी बदलतात आणि पुन्हा तुमच्यासमोर येऊन बसतात, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची ही दुनिया फार छोटी आहे.

मध्ये वाट बघत असताना बाकीकडे अप्लाय करणं बंद करू नका. एकाच कंपनीच्या आशेवर सप्टेंबर ते डिसेंबर बसलेले लोक दरवर्षी भेटतात, त्यांना काय सांगायचं ते मला खरंच कळत नाही.

८. एचआरला मेल केला तर "रजेवर आहे" असा ऑटो रिप्लाय आला. आता?

तो रिप्लाय शेवटपर्यंत वाचा, कोणीच वाचत नाही. त्यात परत यायची तारीख असते आणि बहुतेक वेळा "अर्जंट असेल तर यांना संपर्क करा" म्हणून एक नाव असतं. तुमचं अर्जंट आहे का? ऑफर लेटरची मुदत संपतेय, दुसरी ऑफर हातात आहे (प्रश्न १३), जॉइनिंग चार दिवसांवर आहे, हे अर्जंट. "माझं काय झालं" हे नाही. अर्जंट नसेल तर ती परत येईल त्याच्या दुसऱ्या दिवशीचा अलार्म लावा आणि फोन बाजूला ठेवा.

९. दिवाळीत भरती बंदच असते ना? मग आत्ता अप्लाय करून काय फायदा?

हा सगळ्यात मोठा गैरसमज, थोडं सविस्तर सांगते. दिवाळीच्या आसपास दोन गोष्टी होतात. एक, मॉल, शोरूम, डिलिव्हरी, भिवंडीची गोडाउनं यांची सीझनची भरती गणपतीच्या आधीपासूनच सुरू होते आणि दसऱ्यापर्यंत जवळपास उरकते, तिथे दिवाळीच्या आठवड्यात विचारून उपयोग नाही, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

दुसरी गोष्ट ऑफिसच्या नोकऱ्यांची. लोक बोनससाठी थांबलेले असतात. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के आहे, जास्तीत जास्त २० टक्के, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा म्हणजे मार्चला हिशोब बंद करणाऱ्या कंपनीने नोव्हेंबरअखेर, पण आपल्याकडे रीत दिवाळीआधी द्यायची. जो कंटाळलाय तो ऑगस्टमध्येच मनाने गेलेला असतो, फक्त बोनस खात्यात पडायची वाट बघतो. पडला की दिवाळीचे चार दिवस जातात आणि पुढच्या आठवड्यात राजीनामा. दरवर्षी भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात मला क्लायंटचे फोन येतात, "मॅडम, दोघं गेले, कोणी आहे का लगेच?" तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं नाव कोणाचं येतं? ज्याने दिवाळीआधी नीट मेल केला होता आणि आपण मोकळे कधी आहोत ते लिहिलं होतं त्याचं. ज्या पोस्टसाठी तुम्ही इंटरव्ह्यू दिला ती नाही मिळाली तरी त्याच कंपनीत शेजारची खुर्ची रिकामी झालेली असू शकते.

१०. कंपनी अमेरिकन आहे, ऑफिस ऐरोलीत. दिवाळीनंतर करू म्हणाले, आता डिसेंबर आला. अडकलो का?

अशा ठिकाणी तुमच्यावर दोन-दोन सीझन येतात, आधी आपला आणि मग त्यांचा. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग, यंदा २६ तारखेला, त्या आठवड्यात तिकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. युरोपवाले तर डिसेंबरच्या विशीपासून नवीन वर्षापर्यंत गायबच.

पण यात एक मेख आहे. ज्यांचं बजेट कॅलेंडर वर्षाचं असतं त्यांची मंजूर झालेली पोझिशन कधी कधी ३१ डिसेंबरला संपते. मग काही मॅनेजर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात धडाधड ऑफर काढून मोकळे होतात आणि काहींना वरून "जानेवारीपर्यंत फ्रीज", म्हणजे भरती बंद, असा आदेश येतो. तुमचा मॅनेजर कुठल्या गटातला हे बाहेरून कळायला मार्ग नाही, म्हणून १ ते १५ डिसेंबर या काळात एक मेल टाकाच आणि त्यात विचारा, "ही पोझिशन याच वर्षाच्या बजेटमधली आहे की पुढच्या?" हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि याचं उत्तर बहुतेक वेळा येतं. त्यानंतरचा मेल मंगळवार ५ जानेवारीला.

तिकडच्या मॅनेजरला मेल करत असाल तर वेळेचं बघा, हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, आपल्या संध्याकाळी सातला त्यांचे सकाळचे साडेआठ. तेव्हा पाठवा.

११. रबाळेला छोटी फॅक्टरी आहे, मालकानेच इंटरव्ह्यू घेतला, एचआर वगैरे कोणी नाही. तिथे मेल करायचा का?

मेल करू नका, साहेब मेल बघत नाहीत, अकाउंटंट बघतो आणि तो फक्त जीएसटीचे बघतो. इथे फोन, किंवा त्याहून चांगलं म्हणजे स्वतः जाऊन भेटणं. जायच्या आधी साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या, एमआयडीसीत बऱ्याच ठिकाणी रविवारऐवजी शुक्रवारी सुट्टी असते आणि रिक्षाचे पैसे फुकट जातात. गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांशी नीट बोला, साहेब आत आहेत का, मूड कसा आहे, सगळं त्यांना माहीत असतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा इथे टाळा, पगार, बोनस, कामगारांची गावी जायची तिकिटं, डिस्पॅच, सगळं एकदम असतं. दिवाळीनंतर उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार छठ करून परत यायला वेळ लागतो, त्या मधल्या दिवसांत युनिट अर्धंच चालू असतं आणि मालक निवांत असतो. तेव्हा जा.

१२. मला पितृपक्षात जॉइन व्हायला सांगतायत. घरचे नको म्हणतात. तारीख पुढे ढकलायला सांगितलं तर ऑफर जाईल का?

सहसा जात नाही, कारण एचआर पण इथलीच असते, तिच्याही घरी सासूबाई असतात. पण सांगायची पद्धत असते. ऑफर स्वीकारल्याचा मेल आधी करा, लेखी, लगेच. मग त्याच मेलमध्ये "१२ ऑक्टोबरला, सोमवारी जॉइन झालो तर चालेल का?" असं नेमकी तारीख देऊन विचारा. "थोडं पुढे करा ना" असं मोघम विचारलं की त्यांना वाटतं हा दुसरीकडे बघतोय. त्यांना महिन्याच्या पहिल्या तारखेलाच माणूस हवा असेल, पगाराच्या सायकलमुळे असं असतं, तर मग जॉइन व्हा. माझं स्वतःचं लग्नाआधीचं पहिलं जॉइनिंग सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी झालं होतं आणि तिथे मी सहा वर्षं होते.

१३. एका कंपनीची ऑफर आलीय, उत्तर द्यायची मुदत नेमकी दिवाळीत संपते, पण मला दुसरीकडची हवीय. काय करू?

दोन मेल, एकाच दिवशी. जिथली हवीय तिथे लिहा की माझ्याकडे लेखी ऑफर आहे, मला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, पण तुमच्याकडे यायची इच्छा जास्त आहे, तोपर्यंत काही कळू शकेल का. आकडा लिहू नका, विचारला तर सांगा. आणि जिथली आलीय तिथे मुदत वाढवून मागा, सण आहे हे कारण प्रामाणिकपणे चालतं: "घरच्यांशी दिवाळीत समोरासमोर बोलून १६ तारखेला नक्की कळवतो." बहुतेक वाढवून देतात. नसलेल्या ऑफरचा बागुलबुवा उभा करू नका, लोक ऑफर लेटर बघायला मागतात आणि मग तोंड दाखवायला जागा राहत नाही.

१४. फोनवर "सिलेक्ट झालात" म्हणाले, लेटर दिवाळीनंतर देतो म्हणतात. बोनस पण मिळाला. राजीनामा टाकू का?

नाही. लेटर हातात, म्हणजे मेलवर, सीटीसीचा, म्हणजे वर्षाच्या एकूण पगाराचा आकडा आणि जॉइनिंगची तारीख छापलेली, तोपर्यंत नाही. फोनवरचं सिलेक्शन खरंच असतं, कोणी फसवत नसतं, पण प्रश्न १ मधले ते चौघे आठवा, त्यातल्या शेवटच्याची सही अजून व्हायचीय. तोपर्यंत फोनवर जे बोलणं झालं ते तुम्हीच मेलवर लिहून पाठवा, "आज बोलल्याप्रमाणे पोस्ट ही, पगार हा, लेटर १६ च्या आठवड्यात, बरोबर ना?" समोरून "हो" आलं तरी राजीनाम्याला ते पुरेसं नाही, पण पुढच्या फॉलोअपला तुमच्याकडे धरायला दोरी असते.

१५. ऑफर आली पण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन महिनाभर अडकलंय. कोणाच्या मागे लागू?

व्हेरिफिकेशन म्हणजे तुमची जुनी नोकरी आणि शिक्षण खरं आहे का ते तपासणं. नव्या कंपनीच्या एचआरच्या मागे लागून उपयोग नाही, ती पण वाटच बघतेय. अडकतं ते दोन ठिकाणी, जुन्या कंपनीची एचआर रजेवर असते नाहीतर कॉलेज दिवाळीच्या सुट्टीत बंद असतं. व्हेरिफिकेशन एजन्सीला विचारा नेमकं काय बाकी आहे. मग जुन्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोन करा, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा शोधून ठेवा, मागितल्या की पाच मिनिटांत जायला हव्यात. मार्कशीट-डिग्रीचं काम असेल तर ते दिवाळीच्या सुट्टीआधीच उरका.

१६. नवी मुंबई एअरपोर्टची नोकरी आहे, दिवाळी ऑफर म्हणून आज पैसे भरले तर लगेच जॉइनिंग म्हणतात. भरू का?

नाही, एक रुपया नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुटायला लागली आणि तेव्हापासून उलवे, पनवेल, कामोठे सगळीकडची मुलं मला हेच विचारतात. गेट पासची फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंगचा चार्ज, नाव काहीही देतात. खऱ्या नोकरीत आत जायचा पास कंपनी तुम्हाला कामावर घेतल्यावर, तुमची पडताळणी करून काढते, त्याचे पैसे कोणा माणसाच्या क्यूआर कोडवर घेत नाहीत. हे लोक मुद्दाम सुट्टीच्या दिवसांत गाठतात कारण तुम्ही खऱ्या ऑफिसला फोन केला तरी कोणी उचलत नाही. सोमवारपर्यंत थांबतो म्हणा, तिथेच अर्धे पळतात. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

१७. कन्सल्टन्सीमार्फत गेलो होतो, कन्सल्टंट गावाला गेलाय. कंपनीला डायरेक्ट मेल करू का?

मी कन्सल्टंट आहे म्हणून माझं उत्तर एकतर्फी वाटेल, तरी सांगते, आधी आम्हाला. पगाराचं बोलणं आमच्यातर्फे चालू असतं, मध्येच तुमचा मेल गेला की दोन वेगळे आकडे फिरतात. पण आमच्याकडून पाच कामाचे दिवस काहीच उत्तर नसेल तर करा, आम्हाला सीसीत ठेवून. त्यात पैशाचा विषय काढू नका, फक्त आपण अजून इच्छुक आहोत आणि कधी मोकळे आहोत एवढंच. मला कोणी असं सीसीत ठेवलं तर राग येत नाही, जरा ओशाळायला होतं.

१८. भाऊबीजेला सगळे विचारणार, "काय, लागली का कुठे?" काय सांगू?

हा एचआरचा प्रश्न नाही पण दरवर्षी येतो! "प्रोसेस चालू आहे" म्हणा आणि करंजी तोंडात टाका. पण त्या घोळक्यात एखादा आतेभाऊ तुम्हाला हव्या त्या कंपनीत असतो, त्याला बाजूला घेऊन रेफरल, म्हणजे तिथे तुमचं नाव सुचवेल का, विचारा. रेफरलने गेलेला सीव्ही नुसत्या पोर्टलवरच्या सीव्हीपेक्षा लवकर उघडला जातो, हे मी रोज बघते. त्याला सीव्ही तिथल्या तिथे पाठवा, घरी गेल्यावर नाही, घरी गेल्यावर तोही विसरतो आणि तुम्हीही.

१९. फॉलोअपच्या मेलमध्ये चुकून दुसऱ्याच कंपनीचं नाव गेलं. संपलं का सगळं?

नाही संपलं. तासाभरात एक ओळ, "आधीच्या मेलमध्ये कंपनीचं नाव चुकलं, माफ करा, दुरुस्त मेल खाली जोडलाय." मोठं स्पष्टीकरण नको. सगळे एका वेळी चार ठिकाणी अप्लाय करतात हे एचआरला माहीत असतं. मागच्या वर्षी एका मुलाने मला "आपल्या कंपनीत काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे" असं लिहून खाली माझ्या शेजारच्या कन्सल्टन्सीचं नाव टाकलं होतं, मी तो मेल त्यांना पुढे पाठवला आणि त्यांनी त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं.